जोडशब्दांची इंग्रजी आणि मराठी कान



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सर इंग्रजी शिकवायचे आणि वर्गात भरपूर मराठी बोलायचे. त्याबद्दल त्यांना नावं ठेवणारेही होते. पण आजचा विषय मी त्याच रीतीने मांडणार आहे, कारण तो मराठीच्या अंगानेच नीट कळतो, असं माझं मत आहे.

विषय आहे इंग्रजीतले जोडशब्द. 'सेफ अँड साउंड', 'ऑड्स अँड एंड्स', 'झिगझॅग', 'हेल्टर-स्केल्टर' अशी ही मंडळी. विषय कळवला तेव्हा संयोजक फोनवर म्हणाले, "मॅडम, जरा हलकाफुलका होईल ना?" हलकाफुलका हाही जोडशब्दच, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. जोडशब्द असेच बोलणाऱ्याच्या नकळत तोंडात येतात. म्हणूनच परकी भाषा शिकताना ते सगळ्यात मागे राहतात.

आपल्याकडे शब्दसंग्रह वाढवणं म्हणजे अवघड शब्द गोळा करणं, अशी समजूत आहे. 'बिग' सोडून 'जायगँटिक' म्हणायचं, 'हॅपी' सोडून 'इलेटेड'. रोज दहा शब्द पाठ करण्याचे तक्ते मिळतात, पोरं ते प्रामाणिकपणे पाठ करतात आणि स्पर्धापरीक्षेत गुणही मिळवतात. मग इंग्रज माणसाशी बोलायची वेळ आली की अडखळतात, कारण समोरचा तसले शब्द फारसे वापरतच नाही. तो वापरतो 'अप्स अँड डाउन्स', 'गिव्ह अँड टेक', 'टच अँड गो'. सगळे शब्द पहिलीदुसरीतले, पण एकत्र आल्यावर त्यांचा अर्थ सुट्या शब्दांच्या बेरजेत मावत नाही.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने सहलीच्या निबंधाचा शेवट केला होता, 'वुई रीच्ड होम साउंड अँड सेफ.' व्याकरण चोख, स्पेलिंग बिनचूक, दोन्ही शब्द योग्य. तरी लाल पेन थांबलं. हे का चुकलं, ते सांगायला पुस्तकात नियम नव्हता. मी तिला विचारलं, "तू आईबरोबर पालाभाजी आणायला जातेस का गं?" ती खुदकन हसली. पुढे काही समजावून सांगावं लागलं नाही.

भाजीपाल्याचा पालाभाजी होत नाही, तसंच हे. याकोव्ह माल्कील या भाषाशास्त्रज्ञाने १९५९ साली अशा जोड्यांवर एक प्रदीर्घ लेख लिहिला आणि त्यांना 'न उलटणाऱ्या जोड्या' म्हटलं. माल्कील जन्मले कीव्हमध्ये, शिकले बर्लिनमध्ये आणि प्राध्यापकी केली कॅलिफोर्नियात, बर्कलीला. इतक्या भाषांतून गेलेल्या माणसाला अशी गोष्ट खटकणं साहजिकच आहे. घरात बसलेल्याला ती दिसत नाही.

मग पुढचा प्रश्न आला, की आधी कोण आणि मागून कोण हे ठरवतं कोण? १९७५ साली विल्यम कूपर आणि जॉन रॉस यांनी त्याचा छडा लावायचा प्रयत्न केला. बोलणाऱ्याला जे जवळचं ते पुढे येतं, असं त्यांना दिसलं: 'हियर अँड देअर', 'नाऊ अँड देन', 'धिस अँड दॅट'. आपलं इकडेतिकडे, आज ना उद्या याच वाटेने गेलेलं आहे. दुसरी गोष्ट लांबीची. आखूड शब्द पुढे, लांब शब्द मागे: 'ब्रेड अँड बटर', 'बिट्स अँड पीसेस', 'रफ अँड रेडी'. या दुसऱ्या नियमाला पाश्चात्त्य भाषाशास्त्रात पाणिनीचा नियम म्हणतात, आणि ते उगाच नव्हे. अष्टाध्यायीच्या दुसऱ्या अध्यायात द्वंद्व समासाबद्दल सूत्र आहे, की ज्या पदात स्वर कमी, ते आधी ठेवावं. म्हणून प्लक्ष आधी, न्यग्रोध मागून. कात्यायनाने त्यावर वार्तिकांची भर घातली: ज्याचा मान मोठा त्याला पहिली जागा, आणि भावाभावांत थोरला आधी. म्हणून अर्जुन हा शब्द लहान असूनही जोडी होते ती युधिष्ठिरार्जुनांची.

मानाचा हा हिशेब इंग्रजीतही चालतो. 'हजबंड अँड वाइफ' या जोडीत लांबीचा नियम सरळ मोडला आहे. आखूड 'वाइफ' मागे, कारण घरात पहिलं पान नवऱ्याचं. मात्र लग्नाच्या मांडवात 'ब्राइड अँड ग्रूम' आणि आपल्याकडेही वधूवर. दोन्ही समाजांनी नवरीला तेवढा एक दिवस पुढे उभं केलं आणि दुसऱ्या दिवशी क्रम बदलला. समाजशास्त्राचा यापेक्षा आखूड धडा मी तरी वाचलेला नाही.

स्वरांचंही एक गणित आहे. 'झिगझॅग', 'चिटचॅट', 'डिंगडाँग', 'पिंगपाँग', 'टिकटॉक' या सगळ्यांत आधी 'इ', मग तोंड उघडत जाणारा 'अॅ' किंवा 'ऑ'. उलटं करून 'टॉकटिक' म्हणून पाहा, घड्याळ बिघडल्यासारखं वाटतं. हिंदीतलं ठीकठाक याच चालीवर चालतं. आपण मात्र ठाकठीक म्हणतो. मराठी माणूस कुठलाही नियम पूर्ण पाळत नाही, याचा एवढा पुरावा पुरे.

आता इतिहासाकडे वळते. हे प्रकरण थोडं लांबेल, कारण त्याबद्दल एक लाडकी कथा प्रचलित आहे आणि ती अर्धीच खरी आहे. कथा अशी: १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. दरबाराची आणि न्यायालयाची भाषा फ्रेंच झाली, चर्चची लॅटिन होतीच, शेतकरी इंग्रजीतच बोलत राहिला. दस्तऐवज करताना वकिलाने दोन्ही बाजूंना कळावं म्हणून एकाच अर्थाचे दोन शब्द शेजारी शेजारी बसवले. 'विल अँड टेस्टामेंट' यातला 'विल' जुना इंग्रजी, 'टेस्टामेंट' लॅटिनचा. 'गुड्स अँड चॅटल्स', 'ब्रेकिंग अँड एंटरिंग' या जोड्यांतही पहिला शब्द घरचा, दुसरा फ्रेंच. १३६२ साली कायदा झाला, की फ्रेंच लोकांना कळत नाही, तेव्हा न्यायालयात बोलणं इंग्रजीत व्हावं. तो कायदा लिहिला होता फ्रेंचमध्ये. सरकारी कामकाज सगळीकडे सारखंच.

ही कथा मराठी श्रोत्याला लगेच पटते, कारण आपलं घर तसंच भरलेलं आहे. बाजारहाट यात बाजार फारसी, हाट देशी. कागदपत्र, धनदौलत, रीतिरिवाज, मानमरातब यांच्या एका बाजूला आपला शब्द आणि दुसऱ्या बाजूला अरबी-फारसीतून आलेला. कित्येक शतकं दफ्तर एका भाषेत आणि घर दुसऱ्या भाषेत असलं, की असे संसार जमतात.

पण मग कामकाज या शब्दाचं काय करायचं? काम आणि काज, दोन्ही एकाच संस्कृत धातूची नातवंडं. तिथे कुणाला कुणासाठी भाषांतर करायचं होतं? इंग्रजीतही तेच. नॉर्मन यायच्या आधीच्या इंग्रजी सनदांमध्ये जमीनदाराच्या अधिकारांसाठी 'सेक अँड सोक' अशी अनुप्रासाची जोडी भेटते. 'माइट अँड मेन' यातले दोन्ही शब्द अस्सल जुने इंग्रजी. उलट 'नल अँड व्हॉइड' किंवा 'सीज अँड डिझिस्ट' यांत दोन्ही शब्द फ्रेंच-लॅटिन वळणाचे, तिथे शेतकऱ्याची सोय कुणी पाहिली नव्हती. तेव्हा दुभाषेपणाने जोड्यांना माल पुरवला, हे खरं, पण त्या बांधल्या कानाने. एकदा म्हटलेलं पोकळ वाटतं, दोनदा म्हटलं की वजन येतं, ही हौस नॉर्मन लोकांच्या आधीची आहे.

याचा पुरावा आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात आहे. भारतीय पासपोर्टच्या सुरुवातीला राष्ट्रपतींच्या नावाने एक विनंती छापलेली असते. ती एकाच वाक्याची आहे आणि तिच्यात तीन जोड्या आहेत: 'रिक्वेस्ट अँड रिक्वायर', 'लेट ऑर हिंड्रन्स', 'असिस्टन्स अँड प्रोटेक्शन'. त्यातली मधली पाहा. धारकाला 'लेट' किंवा 'हिंड्रन्स' न करता जाऊ द्यावं, असं ते वाक्य म्हणतं. 'लेट' म्हणजे तर जाऊ देणं, मग हे कसं? इथला 'लेट' वेगळा. जुन्या इंग्रजीत अडवणे या अर्थाचं एक निराळं क्रियापद होतं, ते पुढे उच्चाराने 'लेट'च झालं. एका भाषेत जाऊ देणे आणि अडवणे यांना एकच शब्द राहिला तर गोंधळ ठरलेला. म्हणून अडवणारा 'लेट' हळूहळू विझला आणि उरला तो दोनच ठिकाणी. टेनिसची सर्व्हिस जाळीला घासून पलीकडे पडली की पंच 'लेट' म्हणतो, तिथे, आणि या कायदेशीर जोडीत. जोडीदाराने हात धरून ठेवला म्हणून तो जगला. गंमत म्हणजे या तिन्ही जोड्यांत एक इंग्रजी आणि एक फ्रेंच अशी सोयीची वाटणी नाहीच. पहिली आणि तिसरी दोन्ही बाजूंनी फ्रेंच घराण्याच्या, मधली मुळात इंग्रजी, 'हिंड्रन्स'ला शेपूट तेवढं फ्रेंच.

असे जोडीत अडकून राहिलेले शब्द इंग्रजीत पुष्कळ आहेत. 'किथ अँड किन' यातला 'किथ' एकटा कधी भेटणार नाही; तो मूळचा ओळखीपाळखीचा, ओळखीच्या मुलखाचा वाचक. 'टू अँड फ्रो'मधला 'फ्रो', 'स्पिक अँड स्पॅन'मधला 'स्पिक' यांचंही तसंच. शेजारीपाजारी यातला पाजारी कुठे राहतो, हे आपल्याला तरी कुठे ठाऊक आहे? पण त्याच्यावाचून शेजाऱ्यांची गर्दी होत नाही.

'ह्यू अँड क्राय' ही जोडी मात्र मला थांबून सांगायची आहे, कारण आपली इंग्रजी वर्तमानपत्रं ती कांद्याच्या भावापासून क्रिकेटच्या संघनिवडीपर्यंत कशालाही लावतात. मुळात ती आरडाओरड्याची नव्हे, कायद्याची जोडी आहे. पहिल्या एडवर्डच्या काळात, १२८५ साली, विंचेस्टरचा कायदा झाला. पगारी पोलीस नव्हते. वाटेत कुणाला लुटलं तर त्याने ओरडायचं, आणि ते ओरडणं ऐकणाऱ्या प्रत्येक धडधाकट माणसाने हातातलं काम टाकून चोरामागे धावायचं. एका गावाची हद्द संपली की पुढच्या गावाने धावायचं. चोर निसटला तर नुकसान त्या सबंध परगण्याने भरून द्यायचं. म्हणजे 'ह्यू अँड क्राय' हे कर्तव्य होतं. हे एकदा कळलं की 'देअर वॉज ह्यू अँड क्राय' हे वाक्य लिहिताना हात जरा विचार करतो, की नुसता गलका झाला, की खरंच कुणी कुणाच्या मागे धावलं?

आता यमकाच्या जोड्या. इंग्रजीत दोन शब्दांचं यमक जुळलं की बहुतेक वेळा त्यात टिंगल शिरते. 'मंबो-जंबो', 'हँकी-पँकी', 'फडी-डडी', 'हॉइटी-टॉइटी' यांतलं एकही विशेषण आपल्याला लागावं असं कुणाला वाटणार नाही. 'नँबी-पँबी' तर एका माणसावरूनच पडलं. ॲम्ब्रोज फिलिप्स या कवीच्या बाळबोध कवितांची खिल्ली उडवायला हेन्री केरीने १७२५ च्या सुमारास त्याच्या नावाचंच असं बोबडं करून टाकलं. फिलिप्सच्या कविता आज कोण वाचतं? शिवी मात्र राहिली.

या संदर्भात 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशाबद्दल बोललंच पाहिजे. हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांचा हा कोश १८८६ साली लंडनला निघाला. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलण्यात आलेल्या इथल्या शब्दांचा तो खजिना आहे. बर्नेल मद्रास इलाख्यातले न्यायाधीश आणि संस्कृतचे पंडित. कोश छापून यायच्या आधीच, १८८२ साली ते वारले. हे नाव आलं कुठून? मोहरमच्या मिरवणुकीत छाती पिटत 'या हसन, या हुसेन' असा आक्रोश होतो. गोऱ्या शिपायांच्या कानांनी तो 'हॉब्सन-जॉब्सन' असा ऐकला, जणू लंडनच्या गल्लीतले दोन कारकून. कोश मी आयुष्यभर वापरला आणि त्याची थोरवी मानते. नाव मात्र मला कधी आवडलं नाही. एका समाजाच्या शोकाला यमकाने विदूषक केलं आहे, आणि ते करताना कुणाला वाईट वाटलेलं दिसत नाही. यमकाची ही धार शिकणाऱ्याला माहीत हवी. आपल्या चहाबिहा, पुस्तकबिस्तक यांत 'वगैरे' असतं, क्वचित तुच्छता असते. अमेरिकेत यिद्दिश बोलणाऱ्यांकडून आलेल्या 'फॅन्सी-श्मॅन्सी'त तुच्छताच असते. हे न कळता कुणी साहेबाच्या मोटारीचं कौतुक करायला हा शब्द वापरला, तर पंचाईत.

समुद्राने इंग्रजीला दिलेल्या जोड्यांबद्दल तर स्वतंत्र व्याख्यान होईल. 'बाय अँड लार्ज' म्हणजे जहाज वाऱ्याच्या तोंडाशी आणि वारा पाठीशी घेऊन, दोन्ही प्रकारे चालतं तसं, म्हणून एकंदरीत. 'हाय अँड ड्राय' आणि 'हार्ड अँड फास्ट' ही रुतलेल्या जहाजाची दशा. आज 'हार्ड अँड फास्ट रूल' म्हणताना पाण्याचा थेंबही कुणाच्या मनात येत नाही.

इतकं कौतुक केल्यावर दुसरी बाजूही सांगते. सगळ्या जोड्या जवळ करण्यासारख्या नाहीत. 'ईच अँड एव्हरी', 'फर्स्ट अँड फोरमोस्ट', 'बॅग अँड बॅगेज' यांचा आपल्या इंग्रजीत सुळसुळाट झाला आहे. अर्जात, अहवालात, निरोपसमारंभाच्या भाषणात त्यांची रांग लागते. डेव्हिड मेलिंकॉफ या अमेरिकन कायदेपंडिताने १९६३ साली कायद्याच्या भाषेवर जाडजूड पुस्तक लिहिलं आणि अशा जोड्यांपैकी बहुतेकांचा न्यायाशी काही संबंध नसून त्या नुसत्या सवयीने टिकल्या आहेत, असं दाखवलं. आपल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही 'नल अँड व्हॉइड' आहेच. 'व्हॉइड' एकट्याने लिहिलं असतं तरी रद्द झालेला विवाह तेवढाच रद्द झाला असता. माझी कसोटी साधी आहे. जोडीतला एक शब्द काढून वाक्य म्हणून पाहावं. काही हरवलं, तर जोडी ठेवावी. काहीच हरवलं नाही, तर लिहिणाऱ्याने जागा भरली आहे.

एका जोडीच्या बाबतीत मात्र मी आपल्या लोकांची बाजू घेते. 'नूक अँड क्रॅनी' हे इंग्रजांचं, आपण मात्र 'नूक अँड कॉर्नर' म्हणतो आणि पंडित त्यावर खुणा करतात. जुन्या इंग्रजी लेखनातही ते सापडतं. शिवाय आपल्या कानात कानाकोपरा आहे, त्यातला कोपरा इंग्रजीत जाऊन बसला, तर बिघडलं काय?

कुठली जोडी कुठे बसते, हे मात्र काटेकोरपणे शिकावं लागतं. 'हेल अँड हार्टी' आजोबांना म्हणावं, नातवाला नव्हे. 'वेअर अँड टेअर' घराच्या भाडेकरारात शोभतं. रुग्णाची प्रकृती 'टच अँड गो' आहे असं परदेशातल्या डॉक्टरांनी सांगितलं, तर ते काळजीचं सांगत आहेत, हे ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे. मुलाकडे परदेशी गेलेल्या आईवडिलांना हे फार जाणवतं. पायाला मुंग्या आल्या, याचं इंग्रजी करताना मुंग्यांपासून सुरुवात केली तर डॉक्टर आधी चादर झटकायला सांगेल. 'पिन्स अँड नीडल्स' म्हटलं की त्याला पुढचं काही विचारावं लागत नाही. दोन्ही शब्द शिवणाच्या डब्यातले, शाळकरी पोरालाही येणारे. अडतं ते जोडीपाशी.

शब्दाची पारख त्याच्या संगतीवरून करावी, हा विचार इंग्लंडमध्ये जे. आर. फर्थ यांनी मांडला. पण त्याआधीच १९३३ साली हॅरल्ड पामर यांनी तोक्योमध्ये बसून, जपानी मुलांना इंग्रजी शिकवण्याच्या गरजेतून, इंग्रजीतल्या अशा शब्दसंगतींचा अहवाल तयार केला होता. परक्याला शिकवताना आपली भाषा कशी दिसते, हे त्यांना आधी कळलं. आपल्याला तर आणखी एक सोय आहे. शालेय व्याकरणात पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त, अनुकरणवाचक हे प्रकार आपण पाठ केलेले आहेत. सामासिक आणि अभ्यस्त शब्दांची आपली भांडारं इतकी भरलेली आहेत, की मराठी पोराला जोडशब्द म्हणजे काय हे शिकवावंच लागत नाही. त्याला फक्त इंग्रजीतले दाखवावे लागतात. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या पिढ्यांना वाक्य वाक्याशी ताडून पाहण्याची सवय होती. ती आपण उगाच जुनाट ठरवून टाकली.

म्हणून इथे बसलेल्या इंग्रजीच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. समानार्थी शब्दांचे तक्ते थोडे दिवस फळ्यावरून उतरवा. आठवड्याला तीनचार जोड्या घ्या, त्या मोठ्याने म्हणून घ्या, उलट्या करून म्हणून घ्या, म्हणजे पोरं हसतील आणि क्रम डोक्यात बसेल. प्रत्येक जोडी कोण कुणाला, कुठे म्हणेल, हे विचारा. तिच्याजवळची मराठी जोडी शोधायला लावा आणि जिथे ती जुळत नाही, तिथे अधिक वेळ थांबा: आपण रक्तामांसाचं नातं म्हणतो, ते 'फ्लेश अँड ब्लड' म्हणतात, मांस आधी. आणि वर्गात मराठी बोलायला लाजू नका. या कामात ती अडसर नाही, ती तुमच्याजवळची सगळ्यात तयार सामग्री आहे.